मोडीसाठी काळी शाई घरी करायची आहे: काजळी, डिंक, हिरडा-हिराकस यांची प्रमाणं आणि अडचणी

बोरूवाली_माहीम

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर दादरला मोडी शिकणाऱ्या गटासाठी जुन्या पद्धतीच्या शाईचं प्रात्यक्षिक ठेवतोय. पंधरा माणसं आहेत. दोन शाया दाखवायच्या आहेत: एक काजळीची, जिच्यात बहुतेक मोडी दप्तर लिहिलं गेलं, आणि दुसरी हिरडा-हिराकसाची (हिराकस म्हणजे लोहाचा क्षार). सध्या थोडंथोडं करून बघणं चालू आहे, आणि दर टप्प्याला काहीतरी अडतंय. म्हणून सगळं तपशिलात लिहिते.

काजळी: तिळाचं तेल, सुती वात, वर उलटी टेकवलेली मातीची पसरट थाळी. डिंक: वाण्याकडचा, लाडवांचा. तो रात्रभर भिजवला की पाणी गढूळ होतं आणि तळाशी न विरघळणारा लिबलिबीत थर राहतो. त्या पाण्यात काजळी टाकली की वरच तरंगते. चमच्याने ढवळा, रवीने घुसळा, गुठळ्या जात नाहीत. लिहिलेलं वाळल्यावर बोट फिरवलं तर काळं लागतं. दौतीतली शाई चार दिवसांत बुरशी धरते.

हिराकस: दुकानातून पिवळट-तपकिरी पूड मिळाली. हिरड्याच्या काढ्यात ती टाकताच रंग काळा होतो खरा, पण शाई लगेच फाटते. गाळ खाली, वर फिकट पाणी.

कागद: साधा पांढरा हातकागद. त्यावर दोन्ही शाया फुटतात, अक्षराला केस येतात.

प्रमाणं ग्रॅम-मिलीत हवी आहेत. काजळी किती, डिंक किती, किती वेळ घोटायचं, आणि झालं हे ओळखायचं कसं? पंधरा जणांसाठी किती करावी तेही सांगा.

---

खलबत्ता

ताई, काजळीच्या बाबतीत तुमच्या बहुतेक अडचणींचं मूळ दोन गोष्टींत आहे: डिंक भलताच आहे आणि घोटणी झालेलीच नाही. ही शाई ढवळून होत नाही, घोटूनच होते.

आधी डिंक. बाजारात लाडवांसाठी म्हणून मिळतो तो बऱ्याचदा धावड्याचा असतो. तो पाण्यात पूर्ण विरघळत नाही, तळाशी चिकट थर सोडतो. कांडोळीचा डिंक तर नुसता फुगून लगदा होतो. शाईला बाभळीचा लागतो. मस्जिद बंदर, भुलेश्वर भागातल्या काष्ठौषधीच्या दुकानांत बाभळीचा डिंक असं नाव घेऊन मागा, आणि तरी तपासा: चिमूटभर खडे वाटीभर गार पाण्यात रात्रभर ठेवायचे. सकाळी पाणी फिकट मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं आणि तळाला फक्त सालीचा कचरा, तर तो बाभळीचा. फिकट खडे निवडून घ्या. लाल-काळपट खड्यांत साल आणि टॅनिन जास्त असतं.

भिजवताना डिंक एक भाग, पाणी दोन भाग, वजनाने. गरम पाणी वापरू नका आणि उकळू तर मुळीच नका, उकळल्याने चिकटपणा कमी होतो. रात्रभराने मलमलच्या फडक्यातून पिळून गाळा. हा घट्ट डिंक म्हणजेच पुढच्या सगळ्या कामाचा पाया.

आता काजळी. ज्योतीचं टोक थाळीला चाटत असेल तर काजळी भरपूर जमते, पण तेलकट आणि खरखरीत. थाळी टोकापासून दोन-तीन बोटं वर ठेवली तर कमी जमते, पण हलकी, मऊ आणि कोरडी. शाईसाठी ही दुसरी हवी. वात जरा जाड घ्या, ज्योत धुराळ राहिली पाहिजे. पंखा बंद, वाऱ्याची झुळूक नको, पण खोली कोंडूनही घेऊ नका, आणि पडद्यापासून लांब. काजळी खरवडायला सुरी नको, मातीचे कण येतात. कोंबडीचं किंवा कबुतराचं पीस उत्तम. नाकाला एन-95 मास्क लावा, ही पूड फुप्फुसात गेलेली चांगली नाही.

तेल राहिलंय का ते बघायला चिमूटभर काजळी वर्तमानपत्राच्या दोन पानांत दाबून रात्रभर वजनाखाली ठेवा. सकाळी पानावर तेलाचा डाग दिसला तर काजळी तेलकट. जुना उपाय म्हणजे ती मातीच्या बोळक्यात भरून, झाकण कापडमातीने लिंपून, टाचणीएवढं भोक ठेवून कोळशाच्या शेगडीवर अर्धा-पाऊण तास तापवायची. तेल जळून जातं, हवा नसल्यामुळे काजळी टिकते. बोळकं पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही. गरम असताना हवा लागली की आतली काजळी निखाऱ्यासारखी पेटते आणि राखच हाती येते. फ्लॅटमध्ये हा खटाटोप नको. थाळी वर ठेवून जमवलेल्या काजळीला स्पिरिटचे थेंब पुरतात.

ते थेंब कशाला? काजळी पाण्याला जवळ येऊ देत नाही, म्हणून तरंगते. खलात काजळी घेऊन तिच्यावर रेक्टिफाइड स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबथेंब टाका, ओलसर मातीसारखी झाली की थांबा. जवळपास ज्योत नको.

प्रमाण: काजळी 4 ग्रॅम, बाभळीचा डिंक कोरडा 6 ग्रॅम (म्हणजे वरच्यासारखा भिजवलेला 18 ग्रॅम). जैन लेखनपरंपरेतलं जुनं प्रमाण असं की काजळाइतकाच हिराबोळ (एक सुगंधी राळ-डिंक), त्याच्या दुप्पट डिंक, आणि घोटताना माक्याचा रस. म्हणजे 4 ग्रॅम काजळाला 4 ग्रॅम बोळ आणि 8 ग्रॅम डिंक. हे प्रमाण गुजरात-राजस्थानच्या कोरड्या हवेत छान बसतं. मुंबईत 8 ग्रॅम डिंकाची ओळ पावसाळ्यात चिकचिकते, पानाला पान चिकटतं. म्हणून काजळाच्या दीडपट डिंकावर थांबावं, असं माझं ठाम मत आहे. बोळ घालायचा असेल तर वेगळा भिजवून, गाळून घाला आणि डिंक तेवढा कमी करा, बोळातही डिंक असतोच. 4 ग्रॅम ऐकायला थोडं वाटतं, पण मोकळी काजळी वाडगाभर दिसते.

घोटताना क्रम उलटा करायचा नाही. पाण्यात काजळी नाही, काजळीत डिंक. घट्ट डिंकातला निम्मा आधी घाला. सुरुवातीला ते कोरडं, तुटक, निराश करणारं दिसतं. पाणी घालायचा मोह इथेच होतो, आणि पाणी घातलं की खेळ संपतो. पातळ द्रवात काजळीच्या गुठळ्या बत्त्याच्या बाजूने निसटतात. घट्ट गोळ्यात त्यांना निसटायला जागा नसते, त्या चिरडल्या जातात. पंधरा-वीस मिनिटांनी गोळा एकजीव होतो, खलाची बाजू सोडतो आणि त्याला काळ्या लाखेसारखी चकाकी येते. मग उरलेला डिंक चमच्या-चमच्याने घाला, दर खेपेला पुन्हा तीच चकाकी येईपर्यंत घोटा. सगळा डिंक जिरल्यावरही घट्टच ठेवून घोटत राहायचं. एकूण पाच-सहा तास धरा, एका बैठकीत नको, माणसं बदलत. मधे थांबताना खलावर ओलं फडकं. शेवटी पाणी थेंबाथेंबाने वाढवत 70-75 मिलीपर्यंत आणा.

झाली की नाही, हे बघायच्या दोन परीक्षा. काचेवर एक थेंब टाकून काच तिरपी करा आणि ओघळ उजेडासमोर धरा: कण दिसला तर अजून घोटा. दुसरी, पेलाभर पाण्यात थेंब सोडा: चांगली शाई धुरासारखी उतरते, वर काळा ठिपका तरंगत नाही.

वाळल्यावर बोटाला काळं लागतं ते डिंक कमी पडल्याने. लाडवांच्या डिंकातला विरघळणारा भागच थोडा, म्हणून तुमचं तसं होतंय. उलट कागद दुमडल्यावर ओळ तडकून खपली निघाली तर डिंक जास्त.

पंधरा जणांना प्रत्येकी 5 मिली भरपूर झाली, म्हणजे वरचं एक माप. एका पणतीतून तासाभरात ग्रॅमचा दहावा भाग काजळी जमली तरी खूप, तेव्हा जमवायला आतापासूनच लागा. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पणती फक्त दाखवण्यापुरती.

---

तुरट_हिरडा

हिराकसाबद्दल लिहितो.

तुमची पूड पिवळट-तपकिरी आहे, म्हणजे ती हवेने गंजलेली आहे. ताजा हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, फिकट हिरवे, काचेसारखे खडे. मुंबईच्या दमट हवेत उघड्या पिशवीत त्यावर तपकिरी थर चढतो, कारण त्यातलं लोह फेरसचं फेरिक होतं. ह्या शाईची सगळी खुबी त्या फरकात आहे. फेरस लोह आणि हिरड्यातलं टॅनिन यांचा संयोग फिकट आणि पाण्यात विरघळलेला राहतो, तो बोरूतून वाहतो, कागदाच्या तंतूंत मुरतो आणि तिथे हवा लागून फेरिक, म्हणजे काळा आणि न विरघळणारा होतो. लोह आधीच फेरिक असेल तर हे सगळं बाटलीतच घडतं आणि तुम्हाला दिसतो तो गाळ. म्हणजे लिहिताना फिकट राखाडी आणि नंतर काळी, हेच बरोबर लक्षण आहे. घालताच काळीकुट्ट होऊन गाळ बसला तर काहीतरी बिघडलंय.

प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांच्या दुकानात फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट मिळतं, ते घ्या. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. पाण्यात विरघळवल्यावर फिकट हिरवं आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. मोरचूद दिला तर घेऊ नका, तो तांब्याचा क्षार, निळा असतो. त्याने शाई काळी होत नाही, वर तांबं कागद झपाट्याने कुजवतं. ह्याच कारणासाठी तांब्या-पितळेचं भांडंही नको. लोखंडी कढई तर नकोच, काढा तिथेच काळा पडतो. स्टील, काच किंवा एनॅमल.

मोठा पिकलेला हिरडा घ्या, बाळहिरडा नको. बी काढून वरचं दळ जाडसर कुटा, पीठ करू नका, गाळताना जीव जातो. 50 ग्रॅम कूट, 500 मिली पाणी, रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी मंद आंचेवर तासभर, निम्मं म्हणजे 250 मिली उरेपर्यंत. गार करून सुती फडक्यातून दोनदा गाळा. हिराकस 15 ग्रॅम वेगळ्या 40-50 मिली कोमट पाण्यात विरघळवा आणि गार काढ्यात हळूहळू ओता. मग 10 ग्रॅम बाभळीचा डिंक, आधी भिजवून गाळलेला. इथे डिंकाचं काम चिकटवण्यापेक्षा बारीक काळे कण तरंगत ठेवण्याचं आहे. दोन दिवस फडक्याने झाकून ठेवा, सकाळ-संध्याकाळ ढवळा, मग गाळून लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा. बाटली अर्धी रिकामी राहिली तर आतल्या हवेने पुन्हा गाळ धरतो.

युरोपातल्या जुन्या कृतींत मायफळाच्या मानाने हिराकस पुष्कळ जास्त दिसतो, तीनास दोन असा. ते प्रमाण हिरड्याला लावू नका. मायफळात टॅनिन हिरड्यापेक्षा बरंच जास्त असतं. हिरड्याला तेवढा हिराकस दिला तर टॅनिनशी न जुळलेलं लोह उरतं आणि तेच कागद खातं. तीनास एक किंवा त्याहून कमी ठेवा. उरलेलं लोह तपासायची बाथोफेनॅन्थ्रोलिनची कागदी पट्टी असते. ती किंचित ओली करून वाळलेल्या अक्षरावर दाबली आणि गुलाबी झाली तर मोकळं फेरस लोह आहे. जतनकार ती जुन्या दस्तांवर वापरतात, गटाला दाखवायला फार चांगली.

हे सगळं करून ही शाई आम्लच राहते. स्टीलच्या टाकाची निब खाते, बोरूला काही होत नाही. कुठल्याही जुन्या कागदावर तिचा थेंबही नको. मराठी पोथ्या-दप्तरात हिचा वापर मर्यादित होता, हेही गटाला सांगा. काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे कंपनीच्या काळातले इंग्रजी कागदही आहेत आणि मोडीही. इंग्रजी कागद साधारणपणे हिराकसाच्या जातीच्या शाईत, त्यामुळे अक्षर तपकिरी पडत जातं, कधी कागदाला आरपार भोकं पडतात. काजळीची मोडी अक्षरं रंगाला पक्की राहतात, पण पाणी लागलं की वाहून जातात. दोन्ही शायांतला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार नाही.

---

घोटीव_पान

अक्षराला केस येण्यात शाईचा दोष कमी, कागदाचा जास्त. नुसता हातकागद टीपकागदासारखा शोषतो. जुने कारागीर कागदाला खळ देऊन घोटत असत, ते झाल्याशिवाय बोरू चालवू नका.

एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम तांदळाचं पीठ, गुठळी न होऊ देता शिजवून पातळ, पारदर्शक खळ करा आणि गाळा. कोमट असताना रुंद ब्रशने एका बाजूला लावा, दोरीवर सावलीत वाळवा, मग दुसरी बाजू. दमट दिवसांत कागद रात्रभरात वाळत नाही आणि आंबूस वास धरतो. त्या दिवशी पंख्याखाली एकेक पान वेगळं टांगा, एकावर एक रचू नका. पूर्ण वाळल्यावर गुळगुळीत फळीवर ठेवून अकीकाच्या घोट्याने किंवा मोठ्या कवडीच्या पाठीने घोटा, दाब सारखा, एका दिशेने आणि मग आडवा. उजेडात तिरपं धरल्यावर पानाला सगळीकडे सारखी चमक दिसली की झालं. जिथे मंद डाग दिसेल तिथे शाई फुटणारच.

खळीत तुरटी घालायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळेल. शाई तिने छान बसते, पण तुरटी आम्ल आहे आणि कागद वर्षांनी कडक होऊन तुकडे पडतात. मी घालू नका असंच म्हणेन. खळ लावलेला कागद झुरळं आणि कसर आवडीने खातात, म्हणून हवाबंद डब्यात ठेवा.

---

बोरूवाली_माहीम

फारच उपयोगी. खलबत्तादादा, घट्ट गोळ्याची घोटणी करून पाहिली, चकाकी येते म्हणजे काय ते कळलं. पाण्यातल्या थेंबाची परीक्षा मात्र अजून पूर्ण उतरत नाही, दोन-चार ठिपके राहतात.

आणखी तीन प्रश्न. काजळीच्या शाईत थोडा हिराकस घातला तर ती पाण्याला पक्की होईल का? बुरशीचं काय करायचं? आणि गटातल्या काहींना तांबडी शाईही हवी आहे, समर्थांनी दासबोधातल्या लेखनक्रियेच्या समासात हिंगूळ संग्रही ठेवायला सांगितलाय म्हणून. हिंगूळ घरी करता येतो का?

---

खलबत्ता

ठिपके उरले म्हणजे गोळा पातळ लवकर केला गेला. उघड्या पसरट ताटलीत ठेवून पुन्हा घट्ट होऊ द्या आणि तासभर घोटा. नव्याने काजळी घालू नका.

हिराकस काजळीत नको. फेरिक लोहाने बाभळीचा डिंक घट्ट होऊन साखळतो, शाई दोऱ्यासारखी ओढली जाते. शिवाय काजळी काळी असल्यामुळे हिराकस कागदाला काय करतोय ते दिसतच नाही. मिश्र शाया जुन्या काळी होत्या, पण शिकवताना दोन्ही वेगळ्या ठेवाव्यात. टाकणखारही (बोरॅक्स) डिंकाच्या शाईत घालू नका, त्यानेही डिंक गोठतो. पाण्याला पक्की शाई हवी असेल तर डिंक सोडून लाखेकडे जावं लागतं. त्यावर लाखेचा_दाणा लिहितील अशी आशा आहे.

बुरशीसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पातळ शाई साठवायचीच नाही. घट्ट गोळा प्लॅस्टिकच्या कागदावर रुपयाएवढ्या, पातळ टिकल्या करून वाळवा. जाड केल्या तर वरून कडक आणि आतून ओल्या राहतात आणि बुरशी आतून धरते. पलटत राहा, पूर्ण वाळल्यावर सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत. लागेल तेव्हा टिकली थेंबभर पाण्यात भिजवून दौतीत उतरवा. पातळ ठेवायचीच असेल तर 50 मिलीला लवंगेच्या तेलाचा एक थेंब, आधी चार थेंब स्पिरिटमध्ये मिसळून. नुसता टाकला तर तेल वर तरंगतं आणि कागदावर डाग देतं.

आणि दौतीत कापसाचा किंवा रेशमी धाग्यांचा बोळा ठेवा. काजळी तळाला बसते, बोळा तिला धरून ठेवतो, बोरू त्यावर टेकवला की नेमकी लागेल तेवढीच शाई येते.

---

लाखेचा_दाणा

पोथ्यांच्या शाईत लाक्षारस ही वेगळी शाखा आहे: पिंपळाची लाख, लोध (एका झाडाची साल) आणि टाकणखार पाण्यात उकळून काढलेला रस, आणि त्यात घोटलेली काजळी. वाळल्यावर दमट हवेने सुटत नाही. मुंबईसाठी मला हीच सर्वांत योग्य वाटते.

पाणी 100 मिली, चपडा लाख (शेलॅक) 12 ग्रॅम, टाकणखार 3 ग्रॅम. लोध नसला तरी चालतो. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात हे भांडं ठेवा, थेट आंचेवर नको. आधी टाकणखार विरघळवा, मग लाखेची पूड चिमटीने टाकत ढवळा. 70-80 अंशांत अर्ध्या तासात लाख उतरते. लाख स्वतः आम्लधर्मी आहे, म्हणून साध्या पाण्यात विरघळत नाही आणि टाकणखाराच्या पाण्यात विरघळते. गार झाल्यावर वर मेणाचा पातळ पापुद्रा येतो, तो काढून रस गाळा. मग 4 ग्रॅम काजळी स्पिरिटने ओलावून, रस थोडा-थोडा घालत वरच्याच पद्धतीने घोटा.

काय बिघडतं ते सांगतो. लाख जुनी असेल तर विरघळत नाही, रबरासारखा गोळा राहतो. उष्ण, दमट गोदामात वर्षभर पडलेली लाख अशीच होते, म्हणून खडे एकमेकांना चिकटलेली पुडी घेऊ नका. दुसरं पाणी: टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी वापरलं तर त्यातल्या कॅल्शियमने लाख फाटते, पांढरट साका येतो. पालिकेच्या नळाचं पाणी तलावांतलं, हलकं असतं, ते चालतं. शंका असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा. हाच नियम हिरड्यालाही लागू आहे, बोअरच्या पाण्यात लोह असेल तर काढा आधीच काळवंडतो. तिसरं, बोरू लिहून झाल्याबरोबर टाकणखाराच्या कोमट पाण्यात धुवा. एकदा वाळली की चीर बुजते आणि बोरू नव्याने तासावा लागतो.

हिराकसाच्या शाईची आणि हिची भेट होऊ देऊ नका. आम्ल लागलं की लाख परत गोठते. दौती, बोरू, गाळण्या, सगळं वेगळं.

---

तुरट_हिरडा

हिंगूळ घरी करायचा नाही. तो पारा आणि गंधक यांचा संयोग आहे. बनवताना आणि तापवताना पाऱ्याची वाफ निघते, तिला वास नाही आणि ती बंद खोलीत साचते. तयार हिंगूळ विकत मिळाला तरी खलात कोरडा घोटणं घातक. हरताळ या पिवळ्या रंगाचंही तेच, तो आर्सेनिक आणि गंधक यांचा संयोग आहे. वर्गात दोन्ही फक्त छायाचित्रांत दाखवा.

तांबड्यासाठी गेरू घ्या. पाण्यात ढवळून मिनिटभर थांबा, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, तळाची वाळू फेकून द्या. असं तीन-चारदा करून जो गाळ बसतो तो वाळवून, वजनाच्या निम्म्या डिंकात काजळीसारखाच घोटा. गेरू पाण्यात सहज भिजतो, स्पिरिटची गरज नाही, तासाभरात होतो. गेरूचा रंग हिंगुळापेक्षा विटकरी येतो. अधिक उजळ तांबडा हवा तर अळिता, म्हणजे लाखेचा रंग: काडीवरची न धुतलेली कच्ची लाख कुटून कोमट पाण्यात चोळा, लाल पाणी गाळून चिमूटभर तुरटी घाला आणि आटवा. तो उन्हाने उडतो, पानं झाकून ठेवा.

---

खलबत्ता

प्रात्यक्षिकाच्या वेळापत्रकाबद्दल एवढंच. हिरड्याचा काढा आदल्या आठवड्यात करून, हिराकस घालून मुरवून आणा. वर्गात फक्त ताजा काढा आणि ताजं हिराकसाचं पाणी पेल्यात एकत्र करून, लिहून, अक्षर काळं होताना दाखवा. पहिल्या काही मिनिटांतच फरक दिसू लागतो, पूर्ण काळं व्हायला दिवस जातो, म्हणून आदल्या दिवशी लिहिलेलं पान शेजारी ठेवा. काजळीचा गोळा घरून चार-पाच तास घोटून, ओल्या फडक्यात गुंडाळून न्या आणि शेवटचा तास माणसांकडून घोटून घ्या. पंधरा जणांना दोन खल पुरतील, सात-आठ मिनिटांच्या पाळ्या लावा. खल दगडी किंवा चिनी मातीचा घ्या, लोखंडी नको. बत्ता दाबून गोल फिरवायला सांगा, ठेचायला नको: ठेचल्याने काजळी उडते आणि गुठळी तशीच राहते. जमिनीवर जुनी सतरंजी नको, प्लॅस्टिक अंथरा. ही शाई कपड्यातून निघत नाही.